गळ्यातील श्वासाची नळी : आणीबाणीच्या क्षणी काय करावे?

नोव्हेंबर महिना उजाडला की निवृत्तिवेतनधारकांच्या वर्दळीने बँकेच्या शाखा गजबजून जातात. हयातीचा दाखला सादर करावयाचा असतो, आणि घरबसल्या तो देण्याची सोय आता झालेली असली तरी शाखेत येऊन, ओळखीच्या चार माणसांशी बोलून तो देण्यातच अनेकांना समाधान वाटते. २०२२ च्या नोव्हेंबरात मी इंदूर येथील शाखेत होते. रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी भर उन्हाळी दिवस नसताना गळ्याभोवती पातळ रुमाल गुंडाळला होता. ते बोलत नव्हते. खिशातील छोट्या वहीवर लिहून दाखवीत होते. काही वेळाने त्यांना ठसका लागला, चेहरा तांबडा-निळा होऊ लागला आणि ते मटकन खाली बसले. क्षणार्धात गर्दी जमली. सुरक्षारक्षकाने पाण्याचा पेला आणला, कोणी फाइलीने तोंडावर वारा घालू लागले. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला आमचा एक तरुण सहकारी त्यांना आडवे करून तोंडाने श्वास देण्याच्या तयारीत होता.

त्या गृहस्थांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी पूर्णतः निरुपयोगी होत्या. त्यांचे तोंड आणि फुप्फुसे यांचा एकमेकांशी काही संबंधच उरलेला नव्हता. घशाच्या कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र काढून टाकलेले होते आणि ते केवळ गळ्यावरील छिद्रातून श्वास घेत होते. ओला झालेला रुमाल नेमका त्या छिद्राला चिकटला होता. “काका, रुमाल काढते,” असे म्हणून मी तो दूर केला. तेवढ्यात बाहेर रिक्षाचे भाडे देत असलेल्या काकू आत आल्या. त्यांनी पिशवीतून चिमटा काढला, छिद्राच्या तोंडाशी अडकलेली कफाची खपली अलगद ओढली, काकांना दोनदा खोकायला लावले. पाच मिनिटांत काका खुर्चीवर बसले आणि त्यांनी वहीवर लिहिले, “सही कुठे करायची?”

प्रस्तुत लेखिकेचा वैद्यकशास्त्राशी व्यवसायाने काहीही संबंध नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. ताळेबंद हेच माझे क्षेत्र. परंतु २०१९ साली माझ्या वडिलांना मेंदूतील रक्तस्राव झाला आणि त्यानंतर सुमारे पाच महिने ते गळ्यातील नळीतून श्वास घेत होते. त्या काळात जे डॉक्टरांकडून, परिचारिकांकडून आणि पुष्कळसे स्वतःच्या चुकांतून शिकावे लागले, ते वाचकांपुढे ठेवावे असे त्या दिवशी शाखेत मनाशी ठरविले. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नव्हे. मात्र अशा प्रसंगी रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे डॉक्टरांच्या नव्हे, तर घरच्यांच्या हातात असतात, हेही तितकेच खरे.

नळी कशासाठी?

श्वास नाका-तोंडातून घशात, तेथून स्वरयंत्रातून श्वासनलिकेत आणि पुढे फुप्फुसांत जातो. हा मार्ग वरच्या बाजूस बंद झाला असेल, किंवा रुग्णाला दीर्घकाळ व्हेंटिलेटरची गरज असेल, तर स्वरयंत्राच्या खाली, गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेत एक छिद्र करून त्यातून वाकडी नळी बसवितात. या शस्त्रक्रियेला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. मेंदूचे विकार, अपघात, मज्जातंतूंचे आजार अशा कितीतरी कारणांनी ती करावी लागते. २०२५ च्या सुरुवातीला पुणे परिसरात गियां-बारे सिंड्रोम या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, तेव्हा ‘व्हेंटिलेटर’ आणि ‘गळ्याला नळी’ हे शब्द अनेक घरांत प्रथमच उच्चारले गेले असतील.

छिद्रातून श्वास देण्याची ही युक्ती जुनी असली, तरी तिचे आजचे महत्त्व एका साथीमुळे वाढले. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले आणि तरुण यांची रीघ लागली. आणि यंत्रे मोजकीच. यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यास सुरुवात केली. मुलगी वाचली. मग अशा प्रत्येक रुग्णाच्या उशाशी वैद्यकीय विद्यार्थी बसविले गेले. पाळ्या लावून, रात्रंदिवस, सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची कल्पना त्या साथीतून जन्मली असे मानले जाते. कोण्या एका महान यंत्राने नव्हे, तर पाळीवर बसलेल्या कोवळ्या पोरांच्या हातांनी ती साथ परतवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता नळीची रचना. गळ्यात दिसते ती बाहेरची नळी. बहुतेक नळ्यांच्या आत दुसरी, काढून धुता येणारी नळी असते. काही नळ्यांच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो फुगविला की श्वासनलिका सभोवार बंद होते, व्हेंटिलेटरची हवा वर निसटत नाही आणि लाळ सहजासहजी खाली उतरत नाही. या फुग्याला इंग्रजीत ‘कफ’ म्हणतात, आणि येथे मराठी माणसाची मोठी पंचाईत होते. डॉक्टर म्हणाले, “कफ काढून टाका,” की आपण सक्शन मशीन शोधू लागतो. त्यांना अभिप्रेत असते फुग्यातील हवा. आमच्या घरी हा घोटाळा दोनदा झाला. शेवटी आईने फर्मान काढले की, घरात फुग्याला फुगाच म्हणायचे. या लेखातही तसेच केले आहे.

ती रात्र

बाबांना घरी आणून बारा दिवस झाले होते. रुग्णालयातून निघताना आतली नळी कशी काढायची, हे आम्हांला दाखविले होते खरे. पण बिलाची धावपळ, औषधांची यादी, रुग्णवाहिकेची घाई यांत ते पाहिले काय आणि न पाहिले काय, सारखेच. पहाटे दोनच्या सुमारास बाबांच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मान आणि बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. दादाने ऑक्सिजनचे यंत्र पूर्ण क्षमतेने सुरू केले. मी मास्क लावला, तोही सवयीने तोंडावर. बोटाला लावलेल्या यंत्रावरील आकडा उतरतच गेला. आम्ही दोघे पदवीधर भावंडे ऑक्सिजन वाढवीत राहिलो आणि ज्या वाटेने तो आत जायचा ती वाटच बुजली आहे, हे आमच्या ध्यानात येईना. आई पुढे झाली, तिने आतली नळी फिरवून बाहेर खेचली. तिच्या टोकाशी वाळलेल्या डिंकासारखा कफाचा बोळा होता. बाबांनी एक दीर्घ श्वास घेतला. हे सारे घडायला सहा-सात मिनिटे लागली असावीत. त्यातली पाच आम्ही वाया घालविली होती.

त्या रात्रीपासून मला एक गोष्ट पक्की कळली. नळी ही जीव वाचविणारी वस्तू असल्यामुळे तिला हात लावायला घरचे घाबरतात. परंतु जी नळी बुजली आहे ती वाट नसून बूच असते, आणि बूच काढलेच पाहिजे.

कोणत्या क्रमाने?

रुग्ण धापा टाकू लागला, अस्वस्थ झाला, ओठ निळसर दिसू लागले, श्वासाला आवाज येऊ लागला, की प्रथम मदतीसाठी हाक मारावी. एकाने १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा, दुसऱ्याने रुग्णाजवळून हलू नये. शक्य असेल तर त्याला बसते करावे. रुमाल, शाल, कपडा, जे काही गळ्यावर असेल ते दूर करावे. ऑक्सिजन उपलब्ध असल्यास तो गळ्याशी आणि तोंडाशी, दोन्ही ठिकाणी द्यावा. कोणता मार्ग मोकळा आहे हे अद्याप ठाऊक नसते, आणि ऑक्सिजनची एक जादा नळी लावल्याने नुकसान काहीच होत नाही.

नंतर नळीच्या तोंडावर जे काही बसविले असेल, म्हणजे टोपण, बोलण्यासाठीची झडप किंवा हवा दमट ठेवणारी जाळी, ते काढून टाकावे. बोलण्याच्या झडपेविषयी एक इशारा येथेच द्यावासा वाटतो. या झडपेतून हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. ती नळीच्या कडेने वर चढून तोंडावाटे बाहेर पडते, म्हणून तर आवाज फुटतो. फुगा फुगलेला असताना ही झडप बसविली, तर आत गेलेला श्वास बाहेर पडायला वाटच उरत नाही. ही चूक प्राणघातक ठरू शकते. झडप लावण्यापूर्वी फुगा रिकामा आहे याची खात्री प्रत्येक वेळी करावी, काल केली होती म्हणून आज नको असे म्हणू नये.

यानंतर आतली नळी काढावी. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम भागते. ती धुऊन किंवा जवळची स्वच्छ नळी घेऊन परत बसवावी, कारण काही प्रकारच्या नळ्यांना आतली नळी असल्याखेरीज आंबू बॅग जोडताच येत नाही.

तरीही सुधारणा नसेल, तर सक्शनचा कॅथेटर आत घालून पाहावा. तो नळीच्या टोकापलीकडे सहज गेला तर नळी मोकळी आहे. मग खेच सुरू करून तो बाहेर घेत कफ ओढावा. आत घालताना खेच बंद, बाहेर काढताना सुरू, आणि एकूण वेळ दहा सेकंदांच्या आत, कारण कफाबरोबर आपण रुग्णाची हवाही ओढून घेत असतो. कॅथेटर आत जातच नसेल, तर नळी बुजलेली आहे किंवा जागेवरून सरकली आहे. अशा वेळी जोर करू नये. तसेच आंबू बॅग जोडून हवा रेटू नये; सरकलेल्या नळीतून रेटलेली हवा फुप्फुसांत न जाता गळ्याच्या कातडीखाली भरते आणि पुढचे सर्व उपचार अवघड करून ठेवते.

कॅथेटर जात नसेल, तर फुगा रिकामा करावा. नळीभोवती जागा मोकळी होते आणि ज्याचा वरचा मार्ग शाबूत आहे असा रुग्ण नळीच्या कडेने, नाकातोंडातून श्वास घेऊ शकतो. एवढे करूनही श्वास सुधारत नसेल, तर शेवटची पायरी म्हणजे संपूर्ण नळीच काढून टाकणे. ब्रिटनमधील तज्ज्ञांनी २०१२ साली या आणीबाणीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हेच सांगितले आहे. नळी काढल्यावर जुने, रुळलेले छिद्र लगेच मिटत नाही. त्यातूनही श्वास चालतो. त्याच मापाची नवी नळी, ती न गेल्यास एका मापाने लहान नळी बसविता येते. नळीबरोबर जो भरीव दांडा मिळतो तो केवळ बसविण्यापुरता असतो. नळी आत जाताच तो काढावा, नाहीतर तोच बूच होतो.

मात्र हे शेवटचे काम कोणी करावे, याला मर्यादा आहेत. शस्त्रक्रियेला जेमतेम आठ-दहा दिवस झाले असतील तर छिद्राचा मार्ग पक्का झालेला नसतो. नवी नळी आंधळेपणाने घालू गेल्यास ती श्वासनलिकेबाहेर, भलत्याच जागी शिरते. असे रुग्ण सहसा रुग्णालयातच असतात आणि असावेत. लहान मुलांचे छिद्र फार लवकर आकसते, म्हणून त्यांच्या पालकांना वेगळे शिक्षण घ्यावे लागते. आपल्या रुग्णाचा वरचा मार्ग मोकळा आहे की नाही, नळी निघाली तर आम्ही काय करायचे, हे दोन प्रश्न घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते.

आणि श्वास थांबलाच तर? छातीवर दाब देणे सुरू करावे. श्वास देण्याची सामग्री जवळ असेल, तर गळ्याचे छिद्र हाताने झाकून तोंडावरील मास्कने, किंवा लहान मुलांचा छोटा मास्क छिद्रावर दाबून धरून हवा द्यावी.

हिरवा आणि तांबडा

आमच्या शाखेतील काका मात्र या सर्वांपेक्षा वेगळ्या गटातले. ज्यांचे स्वरयंत्र पूर्णपणे काढलेले असते, त्यांची श्वासनलिका गळ्याच्या कातडीलाच जोडून टाकलेली असते. व्हिएन्नातील शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ साली कर्करोगाच्या रुग्णावर अशी शस्त्रक्रिया प्रथम केली. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या देशात असे रुग्ण काही दुर्मिळ नव्हेत. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावणे म्हणजे बंद केलेल्या खात्यात पैसे भरण्यासारखे आहे. श्वास, ऑक्सिजन, सारे काही गळ्यातूनच. ही चूक अनुभवी माणसांकडूनही घाईत होते, म्हणूनच ब्रिटनमध्ये खाटेच्या डोक्याशी फलक लावण्याची पद्धत पडली आहे : साध्या ट्रॅकिऑस्टॉमीला हिरवा, स्वरयंत्र काढलेल्याला तांबडा. अशा व्यक्तीने खिशात ‘मी केवळ गळ्यातून श्वास घेतो’ असे लिहिलेले कार्ड बाळगावे. काकांच्या वहीच्या पहिल्याच पानावर ते वाक्य होते, पण गर्दीत वही उघडून पाहण्याचे कोणाला सुचणार?

अतिदक्षता विभागात

तोंडातून घातलेली नळी असणारा रुग्ण रुग्णालयातच असतो. तेथे नातेवाइकांनी नळीला हात लावायचा नसतो. तरी आत काय चालते हे ठाऊक असले की भीती कमी होते. व्हेंटिलेटरवरील रुग्ण अकस्मात बिघडला, तर डॉक्टर बहुधा यंत्र बाजूला करून हाताने पिशवी दाबू लागतात. आम्हांला प्रथम वाटले, यंत्र बंद पडले! वस्तुतः दोष यंत्रात आहे की रुग्णात, हे त्यावरून लगेच उलगडते. मग नळी सरकली का, बुजली का, फुप्फुसाभोवती हवा साठली का, जोडणी कोठे सुटली का, आत गेलेला श्वास पूर्ण बाहेर पडतो आहे का, अशी तपासणी होते. नळी योग्य जागी आहे याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडची रेषा, जी एका छोट्या पडद्यावर लाटांसारखी उमटते. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या २०११ सालच्या मोठ्या पाहणीत, अतिदक्षता विभागांतील अशा दुर्घटनांत जागेवरून सरकलेल्या गळ्यातील नळ्या हे प्रमुख कारण आढळले आणि ही रेषा पाहण्याचे यंत्र न वापरल्याचा वाटा फार मोठा दिसला. रुग्णाचे हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले पाहून पोटात कालवते, पण गुंगीतल्या माणसाने नळी ओढून काढू नये यासाठी ते असते.

उशाशी टांगलेली पिशवी

बँकेत तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या ठेवण्याचा नियम आहे. त्या वर्षानुवर्षे लागत नाहीत, म्हणून कोणी नियम मोडीत काढत नाही. त्याच न्यायाने आम्ही बाबांच्या उशाशी एक पिशवी टांगली. तीत त्याच मापाची एक नळी, एका मापाने लहान दुसरी, भरीव दांडा, जादा आतली नळी, फुग्यासाठी सिरिंज, कॅथेटर, सलाइन, पट्ट्या, कात्री, टॉर्च आणि आंबू बॅग. बाबांना बाहेर नेले की पिशवीही बरोबर. सक्शन मशीन विजेवर चालते, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून पायाने चालणारे यंत्र घेऊन ठेवले. ते तीनदा लागले.

बोळा मुळात होऊच नये यासाठी आतली नळी दिवसातून अनेकदा तपासून धुवावी लागते. आपले नाक हवा गाळते, गरम करते, दमट करते. नळीतून जाणारी हवा नाकाला बगल देऊन जाते आणि कोरड्या हवेने कफ वाळतो. म्हणून सलाइनची वाफ, दमट जाळी, पुरेसे पाणी. मानेभोवतीच्या पट्टीखाली एक बोट सहज जाईल एवढी सैल जागा असावी, अधिक सैल नको. स्नानाच्या वेळी गळ्यावर पाणी येऊ देऊ नये. टाल्कम पावडर, उदबत्तीचा धूर, दिवाळीतील फटाके, धुळवडीचा रंग, यांपासून रुग्णाला दूर ठेवावे. गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल खिडकीतून आत आला तेव्हा आईने शेजाऱ्यांशी घातलेला वाद मला अजून आठवतो.

दूरध्वनीवर रुग्णवाहिका मागविताना केवळ ‘पेशंट सीरियस आहे’ असे न सांगता, ‘गळ्यात नळी असलेला रुग्ण आहे, श्वास अडकला आहे’ असे स्पष्ट सांगावे. स्वरयंत्र काढलेले असल्यास तेही सांगावे. आम्ही हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटविले होते, खाली नळीचे माप आणि ती बसविल्याची तारीख.

पाच महिन्यांनंतर बाबांची नळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद ठेवून पाहिली आणि मग काढली. छिद्र आपोआप मिटत गेले. दोन आठवड्यांत तेथे केवळ एक सुरकुती उरली. पिशवीतील न उघडलेल्या वस्तू आई एका ओळखीच्या घरी देऊन आली, आणि सोबत भिंतीवरचा तो कागदही, नळीचे माप खोडून.